पुरस्काराचा अर्ज आणि आपली हजेरीवही

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत वक्त्याने संस्थेचा गौरव करावा, अशी रीत आहे. तो गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी मनापासून केला आहे; त्यात आम्ही भर घालीत नाही. चिटणीसांनी आमच्याकडे निराळाच विषय सोपविला. ते म्हणाले, "गुरुजी, कंपन्यांना समाजकार्याबद्दल पुरस्कार मिळतात, त्यांच्या अर्जाविषयी बोला. गेल्या वर्षी ती कागदपत्रे तुम्हीच लिहिलीत." आम्ही बी.ए., बी.एड. झालेले मराठी शाळेतले शिक्षक. घरी दखनी, वर्गात मराठी आणि कचेरीत तेलुगू, अशी आमची हयात चालली आहे. अर्जाची भाषा ही आम्हांस चौथीच निघाली. ती शिकताना जे उमगले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हा पैसा येतो कोठून, ते पाहू. पूर्वी कारखानदार शाळा काढीत, दवाखाना बांधीत, ते आपल्या मर्जीने. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने त्या मर्जीला नियम घातला. हे कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे हे कलम सांगते. ह्यालाच व्यवहारात सी.एस.आर. म्हणतात. कंपनी जेथे काम करते तेथील परिसराला तिने प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. कंपनी हे काम स्वतः करील किंवा नोंदलेल्या संस्थेकडून करवून घेईल. आपल्यासारख्या ट्रस्टला असा पैसा घ्यावयाचा तर आयकर खात्याची 12-ए आणि 80-जी ही दोन्ही प्रमाणपत्रे लागतात, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि 1 एप्रिल 2021 पासून सी.एस.आर.-1 ह्या नमुन्यात सरकारकडे नोंद करावी लागते.

ह्या कायद्यातील एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. सरकारने जून 2014 मध्ये परिपत्रक काढून सांगितले की, एकदाच होणारे शर्यतींसारखे कार्यक्रम, पुरस्कार आणि जाहिराती ह्यांवरील खर्च ह्या दोन टक्क्यांत धरला जाणार नाही. 2021 च्या नियमांनी आणखी स्पष्ट केले की, आपल्या मालाचा खप वाढावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व हे समाजकार्य नव्हे. ह्या स्मरणिकेत आपल्या गावच्या व्यापाऱ्यांनी जाहिराती दिल्या, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण एखाद्या मोठ्या कंपनीने पानभर जाहिरात दिली असती, तर ती तिला समाजकार्याच्या खात्यात मांडता आली नसती! सांगावयाचा मुद्दा असा की, कायद्याने नाव मिरविणे आणि काम करणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. अर्ज लिहिणाऱ्यानेही त्या वेगळ्या मानाव्यात.

आता पुरस्कारांकडे वळू. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने राष्ट्रीय सी.एस.आर. पुरस्कार सुरू केले, आणि 29 ऑक्टोबर 2019 रोजी नवी दिल्लीत तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद ह्यांच्या हस्ते ते पहिल्यांदा देण्यात आले. आकांक्षित जिल्हे आणि दुर्गम प्रदेश ह्यांतील कामासाठी त्यांत निराळा गट होता. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे 2016 च्या ऑक्टोबरात चार जिल्हे झाले. त्यांतला कोमरम भीम आसिफाबाद हा त्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. व्यापारी मंडळे आणि खाजगी संस्थाही असे पुरस्कार देतात. हे सारे पुरस्कार मुख्यतः कंपन्यांचे असतात. अर्जावर सही कंपनीची असते. मग ट्रस्टने त्यात का पडावे? कारण सरळ आहे. पैसे कंपनीचे असले तरी काम आपल्या अंगणात होते. किती मुली आल्या, किती चष्मे वाटले, पाण्याची टाकी अजून भरते की कोरडी पडली, हे कंपनीच्या कचेरीला कळत नाही. ते आपल्याला विचारले जाते. अर्जाचा कागद हैदराबादेत किंवा मुंबईत लिहिला जातो, पण त्याचा खरेखोटेपणा आदिलाबादेत ठरतो.

सर्वच पुरस्कार सारख्या तोलाचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टला एक पत्र आले: "आपली राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे." आपण अर्ज केलाच नव्हता. खाली समारंभाची फी आणि भोजनाच्या टेबलाचा दर दिला होता. आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हांस परीक्षेला न बसताच पास झालेल्या विद्यार्थ्याची आठवण झाली. चिटणीसांनी ते पत्र दप्तरी दाखल करून टाकले. ज्या पुरस्कारासाठी काम पाहावयास कोणी येत नाही, हिशेब कोणी मागत नाही, पण फी मात्र मागितली जाते, तो पुरस्कार नव्हे, ती खरेदी आहे. अशा पत्राच्या वाटेस आपण जाऊ नये.

येथे आपल्यातील वडील मंडळींच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. दानाचा डंका वाजवावाच कशाला? आम्ही लहान असताना रमजानच्या दिवसांत आमचे वडील जकातीचे पैसे दिवस मावळल्यावर आमच्या हाती देत, आणि अमक्या घरच्या उंबऱ्याआत ठेवून ये, आवाज करू नको, म्हणून बजावीत. त्या घरची मुले आमच्याच वर्गात होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहू नको, हेही सांगत. शेजारच्या देशपांडे आजी गुप्तदान म्हणत, ते हेच. आमच्या धर्मात उघड दान निषिद्ध नाही. त्याने दुसऱ्यास स्फूर्ती मिळत असेल तर ते चांगलेच. पण गरजूला गुपचूप पोचविलेले अधिक चांगले, अशी शिकवण आहे.

मग कंपनीने आपले दान गुप्त का ठेवू नये? ह्यावर आम्ही बराच विचार केला. आमच्या वडिलांचा पैसा त्यांच्या स्वतःच्या खिशातला होता. त्याचा जाब देवाखेरीज कोणाला द्यावयाचा नव्हता. कंपनीचा पैसा भागधारकांचा, आणि त्यातून दोन टक्के समाजाचे, हे कायद्यानेच ठरविलेले. ट्रस्टचा पैसा तर सरळच दुसऱ्यांचा. दुसऱ्याच्या पैशाचे दान गुप्त ठेवणे हा विनय नव्हे; तो हिशेब टाळणे झाले. म्हणून कंपनीने दरवर्षी आपल्या अहवालात हा खर्च छापावा, असा कायदा आहे, आणि तो योग्य आहे. परंतु उघड करावयाचा तो हिशेब. घेणाऱ्याचा चेहरा उघड करावयाचा नाही. हिशेब उघडा असावा आणि घेणाऱ्याची लाज झाकलेली राहावी, एवढा भेद सांभाळला तर आमच्या वडिलांची रीत आणि आजचा कायदा ह्यांत विरोध उरत नाही.

हा भेद न सांभाळल्याने काय होते, ते आम्ही एका शाळेत असताना पाहिले. एका देणगीदाराने मुलांना दप्तरे वाटली. दप्तरांवर त्याचे नाव इतके मोठे की मुलाची पाठ दिसेना. फोटो नीट आला नाही म्हणून मुलांना तीन वेळा उन्हात उभे केले. प्रत्येकाने दप्तर छातीशी धरून हसावे, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी दप्तर उलटे करून, आतली बाजू बाहेर काढून घेऊन आली. आम्ही विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "सर, असंच बरं दिसते." आम्ही पुढे काही विचारले नाही. तो फोटो पुढे कोठल्यातरी अर्जाला जोडला गेला असेल. त्या उलट्या दप्तराची नोंद मात्र कोणत्याही अर्जात होण्यासारखी नव्हती.

पुरस्कारांचा दुसरा धोका म्हणजे, मिळाला की काम थांबते. पैनगंगेपलीकडे आपली सोयरगत आहे, म्हणून तिकडचे उदाहरण देतो. महाराष्ट्रात 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले; गावोगाव झाडू फिरले, बक्षिसे लागली, आणि लोकांना खरोखर हुरूप आला. पुढे केंद्र सरकारने 2003 मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार काढला. उघड्यावर शौचास न जाणाऱ्या गावांना तो 2005 पासून मिळू लागला, आणि त्यात महाराष्ट्राची गावे पुष्कळ होती. पण नंतर पाहणी झाली तेव्हा अनेक पुरस्कृत गावांत लोक पुन्हा शेताकडे जाऊ लागलेले आढळले. कोठे पाणी नव्हते, कोठे खड्डा भरला होता, कोठे संडासाची खोली सरपण ठेवण्याची झाली होती. समिती येऊन गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी कोणी यावयाचे नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण. उलट आपल्याच इचोडा मंडलातले मुखरा (के) पाहा. तेथे गावच्या कचऱ्याचे गांडूळखत करून ते विकले जाते आणि पंचायतीला उत्पन्न होते. स्वच्छतेचा फायदा गावाला रोज दिसत असेल, तर ती पाटीच्या आधारावर उभी राहत नाही. अर्जात "पैसा संपल्यावर हे काम कसे चालेल?" असा प्रश्न असतो. पुष्कळ जण तेथे दोन गोड वाक्ये लिहून मोकळे होतात. वास्तविक साऱ्या अर्जात महत्त्वाचा प्रश्न तोच.

तिसरी गोष्ट, आपले काम कोणी तपासावे ही. आजच्या कायद्याच्या कितीतरी आधी, 1979-80 च्या सुमारास, टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कंपनीने आपल्या सामाजिक जबाबदारीची तपासणी करण्यासाठी बाहेरची समिती नेमली. जे. आर. डी. टाटा तेव्हा अध्यक्ष होते. समितीचे प्रमुख मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, सोबत प्राध्यापक रजनी कोठारी, आणि लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर ह्यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर. कामगारांशी, समाजाशी, आसपासच्या लोकांशी कंपनी कशी वागते, हे परक्या माणसांनी पाहावे, असे तिने स्वतःहून मागितले. पुरस्काराचा अर्ज असाच असावा, असे आम्हांस वाटते. "आम्हांला शाबासकी द्या" अशी ती विनंती नसावी. "आमचे काम तपासा" असे ते आमंत्रण असावे.

आता गेल्या वर्षीची हकीकत सांगतो. विश्वस्तांना ती ठाऊक आहे, पण सभासदांच्या घरी ती पोचलेली नाही. आपल्या मुलींच्या अभ्यासिकेला एका कंपनीने तीन वर्षे पैसा दिला. पुस्तके, दिवे, पंखे, शिकविणाऱ्या दोन बाईंचे मानधन, सारे त्यातून चालले. कंपनीने ह्या कामासाठी पुरस्काराचा अर्ज करावयाचे ठरविले आणि मसुदा आमच्याकडे पाठविला. त्यात लिहिले होते की, शंभराहून अधिक मुलींचे जीवन ह्या अभ्यासिकेने पालटले. आम्ही हजेरीवही काढली. नावे एकशेबारा होती, हे खरे. पण आठवड्यातून तीन दिवस तरी येणाऱ्या मुली चौसष्ट. आणि कापूस वेचणीच्या महिन्यांत, कार्तिकापासून पौषापर्यंत, त्याही अडतीसवर उतरत.

समितीची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. एक विश्वस्त म्हणाले, "नावे शंभरावर आहेत, मग खोटे काय लिहिले?" दुसरे म्हणाले, "कंपनी नाराज झाली आणि पुढच्या साली पैसे थांबले तर त्या चौसष्ट मुलींनी कोठे जावे?" हा प्रश्न हलका नव्हता. आम्हांस स्वतःला त्या रात्री झोप नीट लागली नाही. शेवटी ठरले की आधी न येणाऱ्या मुलींच्या घरी जाऊन यावे, मग आकडा लिहावा. दोन शिक्षिका आणि आम्ही, असे तिघे बेल्याकडच्या आणि जैनथकडच्या गावांत गेलो. एका माउलीने सांगितले, "गुरुजी, या दिवसांत कापूस वेचाले कोण जाईन? अन् सांजच्या येळी मोटर निघून गेली तं एकट्या पोरीनं घरी यावं कसं?" चार-पाच घरी हेच ऐकले. मुलींना अभ्यासाची गोडी नव्हती असे नव्हे. अभ्यासिका सुटण्याच्या आधी गावाकडची शेवटची बस सुटत होती. तीन वर्षे आम्ही हजेरी लिहीत होतो, आणि ही साधी गोष्ट आम्हांस हजेरीवहीने सांगितली नव्हती, कारण आम्ही तिला विचारली नव्हती. हा दोष कंपनीचा नव्हता. तो आमचा होता.

अर्जात आम्ही तिन्ही आकडे लिहिले: एकशेबारा, चौसष्ट, अडतीस. खाली कारण लिहिले. मुलींचे फोटो पाठविले नाहीत. खोलीचा, पुस्तकांच्या कपाटाचा आणि नाव झाकलेल्या हजेरीवहीच्या एका पानाचा पाठविला. कंपनीच्या अधिकाऱ्याने प्रथम फोनवर नापसंती दर्शविली. असे आकडे पाठवून स्पर्धेत उभे कसे राहावयाचे, असे ते म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचाच पुन्हा फोन आला आणि अर्ज जसाच्या तसा गेला. पुरस्कार मिळाला नाही. हे आम्ही मुद्दाम स्पष्ट सांगतो, कारण खरे बोलणाऱ्याला बक्षीस मिळते अशा गोष्टी आम्ही वर्गात पुष्कळ सांगितल्या आहेत. ह्या खेपेस तसे घडले नाही. मात्र ह्या सालचे अनुदान आले, आणि आपल्या मागणीवरून त्यातला काही भाग संध्याकाळच्या दोन ऑटोरिक्षांच्या भाड्यासाठी मंजूर झाला. वेचणीच्या दिवसांत अभ्यासिका पहाटेची ठेवावी की कसे, ह्याचा प्रयोग अजून चालू आहे. तो साधला असे आज म्हणवत नाही.

कोणी म्हणेल, मग पुरस्काराच्या वाटेस जाऊच नये. आमचे मत तसे नाही. हा सी.एस.आर.चा पैसा देशात सारखा पडत नाही. जेथे कारखाने आणि मोठ्या कचेऱ्या, तेथे तो अधिक पडतो, आणि राज्यांत महाराष्ट्राच्या वाट्यास सर्वाधिक येतो. आपल्यासारख्या कापसाच्या आणि रानाच्या जिल्ह्याकडे कोणाचे लक्ष जावयाचे तर येथले काम कोठेतरी नमूद झाले पाहिजे. 2025 च्या एप्रिलमध्ये नारनूरच्या कामासाठी आपल्या जिल्ह्याला पंतप्रधानांचा लोकप्रशासन पुरस्कार मिळाला, तेव्हा ज्यांनी हे नाव कधी ऐकले नव्हते त्यांनी ते ऐकले. अर्ज लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो आम्हांस पुरस्काराहून मोठा वाटतो. "आधी काय स्थिती होती, तुम्ही काय केले, त्याने काय बदलले, हे कशावरून?" हे चार प्रश्न स्वतःला विचारल्यावाचून अर्ज लिहिता येत नाही. अर्ज आला नसता तर ती बस आम्हांस आणखी कित्येक वर्षे दिसली नसती.

म्हणून पुढील पंचवीस वर्षांसाठी ट्रस्टने चार गोष्टींची शिस्त लावून घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली: काम सुरू होण्याआधीची स्थिती लिहून ठेवावी, नंतर आठवून लिहिलेली आधीची स्थिती नेहमीच जास्त वाईट निघते. दुसरी: नाव नोंदविलेले, नियमित येणारे आणि मध्येच सोडून गेलेले, असे तीन आकडे निरनिराळे ठेवावेत, आणि कोणी मागितले तर तिन्ही द्यावेत. तिसरी: आईबापांना विचारल्याशिवाय मुलाचा फोटो कोणास देऊ नये, आणि "नाही" म्हणणाऱ्याच्या मदतीत काडीचाही फरक पडू देऊ नये. चौथी: कंपनीला पाठविलेला अर्ज आधी आपल्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचावा. जे वाक्य ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर वाचताना जीभ अडखळते, ते खोडून टाकावे. ह्याहून चांगला परीक्षक आम्हांस ठाऊक नाही.

मंडळी, आपला ट्रस्ट मोठ्या कंपनीएवढा श्रीमंत नाही. आपल्याजवळ आहे ती पंचवीस वर्षांची पत, आणि ती लोकांनी दिली आहे. मुलीला सायंकाळी तुमच्या खोलीवर पाठवावयास एक आई तयार होते, ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्याही समितीच्या हाती नाही. ते एका फुगविलेल्या आकड्यासाठी घालवू नये, एवढेच आमचे मागणे.